लांब पल्ल्याच्या टार्गेट रायफलची बॅरल किती गोळ्यांनंतर बदलावी?

ठरलेला आकडा नाही, काडतुसावर अवलंबून आहे. .३०८ विंचेस्टरची बॅरल स्पर्धेच्या दर्जाला साधारण ५,००० गोळ्या टिकते, ६.५ क्रीडमूरची २,००० ते ३,०००, आणि ६.५-२८४ ची तर हजार-बाराशेतच मान टाकते.

गोळीच्या घर्षणाने बॅरल झिजते असं बऱ्याच जणांना वाटतं. खरा मार तापलेल्या वायूचा असतो, आणि तो बसतो थ्रोटवर, म्हणजे चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे जिथे रायफलिंग, म्हणजे बॅरलच्या आतल्या पीळदार खाचा, सुरू होतं तिथे. भोक अरुंद आणि पावडर जास्त, की थ्रोट लवकर जळतो. बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायची बारीक दुर्बीण) घातलात तर तिथे सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखं भेगांचं जाळं दिसेल. तेवढ्यावरून लगेच बॅरल काढू नका. असं जाळं असूनही कित्येक बॅरली झकास मारतात.

निकाल टार्गेटवरच लागतो. तोच लोड (तीच गोळी, तेवढीच पावडर) असताना वेग घसरू लागला, १,००० यार्डांवर गोळ्या उगाच वर-खाली जायला लागल्या, वारा नसतानाही एखादी भरकटली, तर संशय घ्या. मात्र आधी स्कोपचे स्क्रू तपासा आणि बॅरल नीट साफ करा. निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो!

थ्रोट पुढे सरकला की गोळीला रायफलिंगपर्यंत जास्त उडी मारावी लागते. स्वतः काडतुसं भरत असाल तर गोळी थोडी बाहेर बसवून काही काळ निभावता येतं. आयुष्य वाढवायचं असेल तर तापलेल्या बॅरलमधून धडाधड मारू नका.