दोन दांडगी कुत्री, दोन लहान मुलं आणि तंबूतल्या दोन रात्री: जमेल का?

तुम्ही लिहिलंय की घरात ३ आणि ६ वर्षांची मुलं आहेत, एक लॅब्रॅडॉर आणि एक बॉर्डर कॉली आहे, दोन्ही कुत्री तीन वर्षांच्या आतली आणि अंगात वारं शिरल्यासारखी. पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून दोन रात्री तंबूत राहायचा बेत आहे. आणि विचारलंय की निघण्याआधी कुत्र्यांना भरपूर पळवून दमवलं तर ती तिथे शांत राहतील का.

जमेल, पण दमवून जमणार नाही. मी हे करून बघितलंय, म्हणून आधी ते सांगतो.

आमच्याकडे तारा नावाची जर्मन शेफर्ड आणि चिकू नावाचा बीगल होता. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. निघायच्या दिवशी सकाळी मी दोघांना दीड तास चेंडूमागे पळवलं, पोहोचल्यावर पुन्हा मनसोक्त धावू दिलं. संध्याकाळी दोघं गपगार झोपतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. तारा मुलांभोवती गोल गोल फिरत मुलीचा फ्रॉक दातांत पकडायला लागली. चिकू दिसेल तिथे उकरत होता आणि पान हललं तरी भुंकत होता. रात्री मुलगा शू करायला उठला आणि अंधारात थेट ताराच्या अंगावर पडला. तिने त्याच्या गालाजवळ हवेत दात आपटले. दात लागले नाहीत, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटेपर्यंत मी त्या दोघांच्या मध्ये बसून होतो.

बसल्या बसल्या एकच गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी तारा एकदाही नीट झोपली नव्हती. घरी ती दुपारी आतल्या खोलीत जाऊन तीन-चार तास पडायची. आम्ही दार लोटून घ्यायचो, मुलं तिकडे फिरकायची नाहीत. मोठं कुत्रं दिवसाचे १२ ते १४ तास झोपेत किंवा डुलक्यांत घालवतं, आणि त्यातला बराच भाग दिवसा असतो. झोप बुडालेलं तीन वर्षांचं मूल संध्याकाळी जसं विनाकारण चिडतं, तसंच कुत्र्याचं होतं. फरक एवढाच की कुत्र्याकडे दात असतात. घरातली दारं, भिंती, जिना, पलंगाखालची जागा हे सगळं मुलांना आणि कुत्र्यांना दिवसभर एकमेकांपासून वेगळं ठेवत असतं, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. तंबूच्या जागेवर यातलं काहीच नसतं. म्हणून माझ्या मते तयारीचा सगळ्यात मोठा भाग हाच: तिथे कुत्र्यांसाठी दार तयार करायचं.

कुत्र्यांना घरी क्रेटची, म्हणजे झोपायच्या पिंजऱ्याची, सवय असेल तर तो न्या. नसेल तर एक छोटा वेगळा तंबू किंवा घडीचं कुंपण चालतं. जागा सावलीत हवी, शेकोटीपासून, स्वयंपाकापासून आणि मुलांच्या ये-जा करण्याच्या वाटेपासून लांब. पाठीमागे झाड किंवा गाडी असली तर उत्तम, म्हणजे मागून कुणी अचानक येत नाही. त्या जागेत कुत्रं असताना मुलाचा हातही आत जाणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला हा नियम सांगून कळतो. तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याच्यासाठी खरोखरची आडकाठी लागते आणि एक मोठं माणूस लागतं. सकाळी फेरी झाली की दीड-दोन तास, दुपारी दोन तास, संध्याकाळी मुलांचं जेवण होईपर्यंत पुन्हा थोडा वेळ, असं दोघांनाही तिथे पडू द्या. चघळायला काहीतरी द्या, पण दोघांना वेगवेगळं आणि एकमेकांपासून अंतरावर. एरवी जिवलग असलेली कुत्रीसुद्धा अनोळखी जागी खाण्यावरून भांडतात, आणि ते भांडण सोडवायला मूल मध्ये गेलं तर चावा त्यालाच बसतो.

बांधायचं असेल तर दोरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे मुलं हमखास जखमी होतात. जमिनीलगत ताणलेली लांब दोरी म्हणजे पोटरीला चटका. कुत्रं पळालं की ती मुलाच्या पायाला वेढा घालून खेचली जाते. आपोआप लांब-आखूड होणारा पट्टा तर तिथे आणूच नका, त्याची बारीक दोरी बोटं कापते. दोन झाडांमध्ये मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच दोरी बांधा, त्यावर सरकणारी कडी घाला आणि तिला पट्टा अडकवा. पट्टा गळ्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावा, कारण धावत सुटलेल्या कुत्र्याला गळ्यावर झटका बसला तर मानेला इजा होते. पट्टा इतकाच लांब असावा की कुत्र्याला आरामात आडवं होता येईल. तंबूच्या खुंटीला, खुर्चीला किंवा घडीच्या टेबलाला बांधू नका. तुमचा लॅब्रॅडॉर टेबलासकट निघेल आणि त्यावरचा गरम चहा मुलावर सांडेल. आणि बांधलेल्या कुत्र्याला कधीही एकटं सोडू नका.

आता पळवण्याबद्दल. चेंडू फेकत राहिल्याने कुत्रं थकतं खरं, पण त्याचा मेंदू चढत जातो, उतरत नाही. त्याऐवजी लांब पट्ट्यावर सावकाश फेरी मारा आणि त्याला हवं तिथे थांबून हुंगू द्या. नव्या जागी पाऊण तास हुंगल्यावर कुत्री जशी शांत पडतात तशी दोन तास धावूनही पडत नाहीत, हा माझा अनुभव आहे. तुमच्या बॉर्डर कॉलीच्या बाबतीत आणखी एक लक्षात घ्या. ही जात मेंढ्या वळायला तयार झाली आहे: नजर रोखायची, वाकून पुढे सरकायचं, गोल फिरून कळप एकत्र आणायचा. धावणारी, किंचाळणारी मुलं तिला कळपासारखीच दिसतात. टाचेला दात लावणं हा तिचा खोडसाळपणा नसतो, म्हणून रागावून ते थांबत नाही. मुलांचा पळापळीचा खेळ सुरू झाला की कॉली फेरीला किंवा आपल्या जागेत, हे पक्कं ठरवा.

लॅब्रॅडॉरचा प्रश्न वेगळा. त्याचं वजन २५ ते ३६ किलो, तुमचं धाकटं साधारण १४ किलोचं. प्रेमाने मारलेल्या एका उडीत मूल आडवं होतं. त्यात खाण्याचा सोस. काही लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात बदल असतो आणि त्यामुळे त्यांची भूक भागतच नाही. मुलाच्या हातातलं बिस्किट बरोबर त्याच्या नाकाच्या उंचीवर असतं. म्हणून मुलांनी बसूनच खायचं आणि तेवढा वेळ कुत्री आपल्या जागेत. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम ही सगळी कुत्र्यांना विषारी आहेत. मुलांच्या खाऊच्या पिशवीत मनुका आणि चॉकलेट असतातच, तेव्हा ती पिशवी गाडीत बंद. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. मुलांना डास-प्रतिबंधक मलम लावलं असेल तर कुत्र्यांना त्यांचे हातपाय चाटू देऊ नका.

लहान मुलांना चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचंच असतं, आणि उंचीमुळे चावा चेहऱ्यावर किंवा डोक्यावर बसतो. हे भीती घालायला लिहीत नाही. बघत राहिलं तर कुत्रं आधी सांगतं म्हणून लिहितोय. झोप आलेली नसताना जांभई देणं, जीभ नाकावरून फिरवणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, अंग ताठ करून एकदम स्तब्ध होणं, ही सगळी 'मला नको आहे' अशी वाक्यं आहेत. तेव्हा मुलाला उचलून बाजूला घ्या. आणि कुत्रं गुरगुरलं तर त्याला ओरडू नका. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. आमच्या ताराने त्या संध्याकाळी किती वेळा मान फिरवली होती ते मला नंतर आठवलं.

नजर ठेवायची म्हणजे कुणी, हे तोंडाने बोला. 'सगळे बघताहेत' म्हणजे कुणीच बघत नाही. आमच्याकडे आता ज्याच्याकडे कुत्री असतील तो म्हणतो, "कुत्री माझ्याकडे," आणि दुसऱ्याला सोपवल्याशिवाय जागचा हलत नाही. दोन मुलं आणि दोन कुत्री यांना तीन मोठी माणसं लागतात असं माझं मत आहे. तुम्ही दोघंच असाल तर एकच कुत्रं न्या.

पाण्याजवळ जाणार असाल तर मूल आणि कुत्रं एका वेळी पाण्यात नको. पोहणारं कुत्रं आधार म्हणून माणसाच्या अंगावर चढतं. नखांनी ओरखडतं आणि लहान मुलाला पाण्याखाली ढकलतं. साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवा तवंग असेल तर कुत्र्याला त्यात पाऊलही टाकू देऊ नका. त्या शेवाळाच्या विषाने कुत्री काही तासांत दगावतात. फेकाफेकीसाठी घरून रबरी खेळणं न्या, झाडाच्या काटक्या नकोत. धावताना काटकीचं टोक जमिनीत रुततं आणि दुसरं घशात घुसतं. शेकोटी विझली तरी राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही पाय भाजतो, मुलाचा आणि कुत्र्याचाही. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतायचं.

उन्हाचं गांभीर्य उत्साही कुत्र्यांच्या बाबतीत जास्त, कारण ती स्वतःहून थांबत नाहीत. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर जाते. धाप थांबेना, जीभ लालभडक झाली, लाळ घट्ट झाली, चाल लटपटली, की लगेच सावलीत न्या, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडे निघा. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर जीव धोक्यात. ३० किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागतं. मी प्रत्येकी तीन लिटर धरतो. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

डॉक्टरकडे तीन-चार आठवडे आधी जाऊन या. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी वेळच्या वेळी झाल्यात ना ते बघा. लेप्टो साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या लघवीतून येतो आणि माणसांनाही होतो. कुत्र्यांना जंताचं औषध द्या, कारण मुलं मातीत खेळणार आहेत. त्याच कारणासाठी कुत्र्यांची शी प्रत्येक वेळी उचलायची. गोचिडींसाठी गोळी किंवा थेंब निघण्याआधीच सुरू झालेले असावेत. कॉली वंशातल्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडींवरचं औषध सोसत नाही, तेव्हा औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. रोज संध्याकाळी उजेडात कुत्र्यांचे कान, बोटांच्या बेचक्या, काखा आणि शेपटीखाली चाचपा. मुलांचेही कानामागे, काखेत, जांघेत बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं यातलं काही नको. आणि मुलाला कुणाच्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून थेट दवाखाना गाठा.

रात्री कुत्री बाहेर बांधू नका. ती आपल्या तंबूत, पायथ्याकडे, क्रेटमध्ये किंवा आखूड पट्ट्यावर. मुलं दुसऱ्या टोकाला, मध्ये मोठी माणसं. एक मंद दिवा रात्रभर चालू. मुलाला शू लागली तर त्याने आधी तुम्हाला उठवायचं, हे त्याला घरीच शिकवा. तंबूसुद्धा घरीच दोनदा लावून त्यात कुत्र्यांना झोपवून बघा, कापडाच्या फडफडीचा आवाज त्यांना ओळखीचा होऊ दे.

हाक मारल्यावर कितीही नेमकी येत असली तरी तिथे पट्टा काढू नका. रानातला वास नाकात गेला की हाक ऐकू येत नाही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. आणि जागा ठरवण्याआधी कुत्र्यांना परवानगी आहे का ते विचारा. राखीव वनांमध्ये बऱ्याच ठिकाणी नसते आणि ते योग्यच आहे, कारण पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग वन्य प्राण्यांना लागतात.

दोन रात्रींऐवजी या वेळी एकच रात्र करा, अर्ध्या रात्री निघावं लागलं तरी घरी पोहोचता येईल इतक्या अंतरावर. कुणाला न्यायचं हे ठरवायला घरी एक चाचणी घ्या. मुलं बाहेरच्या खोलीत दंगा करत असताना एकेका कुत्र्याला लोटलेल्या दारामागे क्रेटमध्ये ठेवा आणि घड्याळ लावा. दार न ओरबाडता, सतत न भुंकता जे दीड तास पडून राहील ते सोबत येईल. दोघांनाही जमलं नाही तर या खेपेला दोघांनाही ओळखीच्या माणसाकडे ठेवा आणि रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करा. ताराला दीड तासावर यायला सात आठवडे लागले होते. दुसऱ्या सहलीत ती दोन्ही दुपारी झोपली.