टीममध्ये दोन पोरं वाढवली तरी प्रोजेक्ट लेट का होतो?

अहो साधं गणित आहे, पाच जणांत बोलायच्या जोड्या 10 होतात आणि दहा जणांत थेट 45, त्यात नवीन पोराला समजावण्यात जुन्याचाच दिवस जातो. सॉफ्टवेअर इंजिनियर फ्रेड ब्रुक्सनी हे 1975 लाच 'द मिथिकल मॅन-मंथ' पुस्तकात सांगून ठेवलंय. पण खरी गोची वेगळीच. आमच्या इथं जुळे सोलापुरात छोट्या ऑफिसात एक ज्युनियर दोन दिवस एकाच एररवर अडकून बसलेला, विचारलं की "चालू आहे सर" एवढंच, कारण आधी एकदा सिनियर सगळ्यांसमोर "एवढं पण येत नाही का बे" म्हणालेला. सात रस्त्यावर चहाला नेलं तेव्हा बोलला. कॉन्फिग फाइलमधे, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधे, पोर्ट नंबर चुकलेला, पाच मिनिटांचं काम! आता अर्धा तास अडकलं की ग्रुपवर टाकायचं ठरवलंय, आणि सुरुवात सिनियरनंच करायची.