दोर वर चढल्यावर कापले होते

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडायचं म्हणतोय. गॅदरिंगला रिॲलिटी शोमधला एक कलाकार पाहुणा म्हणून आला होता. त्याने सांगितलं, प्लॅन बी ठेवूच नका, तानाजीच्या मावळ्यांसारखे परतीचे दोर कापून टाका, मग जिंकण्यावाचून इलाजच उरत नाही. भावाने ते मनावर घेतलं आणि आता त्याला डान्सच्या ऑडिशन द्यायला मुंबईला जायचंय. अशा लोकांचा सल्ला कितपत ऐकावा आणि भावाला कसं समजवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी याच वाटेने जाऊन परत आलोय, म्हणून लिहितोय.

आधी त्या दोरांचं. गोष्ट आपण सगळ्यांनीच चौथीच्या इतिहासात वाचली. 1670 चा फेब्रुवारी, कोंढाणा. तानाजी पडले, मावळे मागे पळायला लागले, तेव्हा त्यांचे भाऊ सूर्याजी आडवे आले आणि म्हणाले की दोर मी कापून टाकलेत, आता कुठे पळता. या गोष्टीतला क्रम मात्र भाषणात नेहमी गाळला जातो. दोर कापले तेव्हा मावळे गडावर होते. कडा चढून झाला होता, हातात तलवारी होत्या, लढाई सुरू होती. कड्याच्या पायथ्याशी उभं राहून कुणी दोर कापले नव्हते. तसं केलं असतं तर वर जायलाच साधन उरलं नसतं. तुमच्या भावाच्या हातात आत्ता जो दोर आहे तो परतीचा आहे की चढायचा, एवढंच तुम्हाला आधी शोधायचंय.

माझं सांगतो. 2009 साली मी 20 वर्षांचा होतो, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. गाणं बरं म्हणायचो, गावातल्या ऑर्केस्ट्रात उभा राहायचो. महाशिवरात्रीच्या यात्रेत गाण्याच्या एका शोमध्ये गाजलेला गायक आणला होता. त्याने चार गाणी म्हटली आणि मध्ये आम्हा पोरांशी दहा-पंधरा मिनिटं बोलला. जवळपास हेच बोलला: लोक काय म्हणतील ते सोडा, स्वतःवर विश्वास ठेवा, मागे बघू नका. माझ्या अंगावर काटा आला होता. मे महिन्याच्या परीक्षेचा फॉर्म मी भरला नाही. वडिलांना सांगितलं की भरला.

वडील शिंपी. मुंबईला जायच्या आदल्या रात्री बसून त्यांनी मला निळा शर्ट शिवून दिला. ऑडिशनला पहाटे पाचला रांगेत लागलो. छातीवर नंबराचा कागद लावायचा होता, दोन टाचण्या दिल्या होत्या. दुपारी अडीचला आत गेलो. पेटी नाही, तबला नाही, समोर टेबलामागे दोघं. मुखडा संपून अंतऱ्याला वर गेलो तेवढ्यात "थँक यू" झालं. एक मिनिटही झालं नसेल. त्यानंतर अकरा महिने डोंबिवलीत मामाकडे राहून आणखी सहा ठिकाणी गेलो. कुठेही दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलो नाही. घरी परत आलो तेव्हा वडिलांनी काही विचारलं नाही. धुतलेला शर्ट हातात घेऊन त्यांनी टाचणीची भोकं पाहिली. सगळीकडे त्याच जागी टोचून टोचून कापड विरलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि तिथे रफू केला.

त्या गायकाने मला फसवलं असं मी कधीच म्हणणार नाही. तो बोलला ते त्याला खरंच वाटत होतं. पुढे कधीतरी त्याची एक लांबलचक मुलाखत ऐकली. त्याची आई गाणं शिकवायची, सहाव्या वर्षापासून तो रोज पहाटे तिच्यासमोर बसायचा. शोमध्ये पोचला तेव्हा चौदा वर्षांचा रियाज गळ्यात होता. यात्रेतल्या स्टेजवर यातलं एक वाक्यही आलं नाही. दहा मिनिटांत चौदा वर्षांचं काय सांगणार? पहाटे पाचला सा लावून बसण्यात सांगण्यासारखं काही घडतच नाही. मग माणूस सांगतो तो शेवटचा, धाडसाचा क्षण.

या शोंची रचनाही तशीच असते. बिग बॉसच्या घरात रात्रंदिवस कॅमेरे चालू असतात आणि आपल्यापर्यंत पोचतो रोजचा तास-दीड तास. शेवटच्या भागात प्रत्येकाचा 'प्रवास' म्हणून काही मिनिटांची फिल्म दाखवतात: मागे संगीत, अश्रू, पडणं, उठणं. ती बघताना स्पर्धकाच्याच डोळ्यांत पाणी येतं. मला वाटतं, त्या दिवसापासून त्यालाही आपलं आयुष्य तसंच आठवायला लागत असावं. आणि शो संपला की पुढचं पर्व येईपर्यंतचा काळ हाच कमाईचा. उद्घाटनं, दहीहंडी, गणपती, गॅदरिंग, सगळ्या सुपाऱ्या तेव्हाच मिळतात. आयोजकांनाही पोरांना पेटवणारं दहा मिनिटांचं बोलणं हवं असतं.

तुमचा भाऊ बहुतेक सूरज चव्हाणचं नाव घेईल. तो कुठे शिकला, तरी 2024 ला मराठी बिग बॉस जिंकलाच ना, असं म्हणेल. तेव्हा त्याला शांतपणे सांगा. बारामती तालुक्यातल्या मोढव्याच्या या मुलाचे आई-वडील लहानपणीच गेले, बहिणींनी त्याला सांभाळलं. शाळा सुटली ती गरिबीने सोडवली. सूरजने दोर कापले नाहीत, त्याला दोर कुणी दिलेच नव्हते. तो टिकटॉकवर व्हिडिओ करायचा, 2020 मध्ये ते बंद झालं तेव्हा त्याचं चालतं काम एका रात्रीत थांबलं. ज्याच्या घरी फी भरणारे आई-वडील आहेत आणि काळजीने परक्यांना प्रश्न विचारणारी बहीण आहे, त्याने सूरजचं नाव घेऊन कॉलेज सोडणं मला सूरजवरही अन्याय वाटतो. अमरावतीच्या शिव ठाकरेचं उदाहरण जास्त उपयोगाचं. लहानपणी घरोघरी पेपर आणि दुधाच्या पिशव्या टाकल्या, वडिलांच्या पानटपरीवर हात लावला, मग डान्सचे क्लास घेतले. 2017 ला रोडीज या रिॲलिटी शोमध्ये भाग घेणं आणि 2019 ला बिग बॉस मराठी जिंकणं हे त्यानंतरचं. क्लास चालू होते, म्हणजे चूल पेटती होती.

पण टीव्हीवरून नाव झालेल्या एकाच माणसाचा सल्ला ऐकायला मला सांगितलात, तर मी मोतीहारीच्या सुशील कुमारचं नाव घेईन. आठवतो का? 2011, कौन बनेगा करोडपती, पाच कोटी. तोवर एवढी रक्कम त्या खेळात कुणी जिंकली नव्हती. बिहारचा हा मुलगा त्याआधी मनरेगात, म्हणजे सरकारी रोजगार हमी योजनेत, कॉम्प्युटर ऑपरेटर होता, पगार सहा हजारांच्या आसपास. 2020 च्या सप्टेंबरात त्याने फेसबुकवर जिंकल्यानंतरच्या वर्षांबद्दल मोठी पोस्ट लिहिली आणि ती वर्षं आयुष्यातली सगळ्यात वाईट होती असं सरळ सांगितलं. महिन्यातले दहा-पंधरा दिवस कार्यक्रमांना पाहुणा म्हणून जाण्यात जायचे आणि अभ्यास मागे पडत गेला. पत्रकार विचारायचे, सध्या काय करता? रिकामा आहे म्हणायची लाज, म्हणून तो अनुभव नसताना धंद्यांत पैसे घालायचा आणि ते बुडायचे. गुप्तदान करायचा, त्यातही अनेकांनी फसवलं. बायको म्हणायची, तुम्हाला चांगला माणूस आणि वाईट माणूस ओळखता येत नाही, यावरून रोज भांडणं. पुढे दारू आणि सिगारेट. एकदा एका पत्रकाराच्या प्रश्नावर चिडून त्याने सांगून टाकलं की सगळे पैसे संपले, दोन गाई पाळल्यात, त्यांच्या दुधावर घर चालतं. ती बातमी पसरली आणि कार्यक्रमांना बोलावणारे, भोवती गोळा होणारे सगळे गायब झाले.

आता तुमच्या भावासाठी यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सुशील कुमारही मुंबईला गेला होता, सिनेमाचा दिग्दर्शक व्हायला. काही महिने राहिला. एका खोलीत दिवसभर सिनेमे बघायचे आणि पाकीटच्या पाकीट सिगारेट ओढायची. तिथे एकटं बसून विचार करताना त्याच्या लक्षात आलं की आपण दिग्दर्शक व्हायला आलोच नाही, आपण पळून आलोय. तो घरी परतला, शिक्षक भरतीचा अभ्यास केला, पास झाला. दारू सुटली, 2019 मध्ये सिगारेट सुटली. चंपारणात चाफ्याची रोपं लावतो, चिमण्यांसाठी घरटी लावतो. गरजा कमी ठेवाव्यात आणि त्या भागतील इतकंच कमवावं, असं त्याने शेवटी लिहिलं. ही पोस्ट मी निदान वीस वेळा वाचली असेल. त्यात त्याला कुणाला काही विकायचं नव्हतं आणि टाळ्याही नको होत्या.

"पळून आलोय" हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी फोन बाजूला ठेवला. कारण मी ज्या यात्रेबद्दल वर लिहिलं, तिच्या पंधरा दिवस आधी माझा निकाल लागला होता. एम-3 मध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरात, 100 पैकी 23. वर्गात मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं काहीही कळत नव्हतं आणि हे सांगायला तोंड नव्हतं. त्या गायकाचं भाषण ऐकलं आणि माझ्या पळण्याला एक चांगलं नाव मिळालं. स्वप्न. सूर्याजींनी दोर कापले ते पळणाऱ्यांना थांबवायला. मी कापले ते पळायला.

म्हणून भावाला समजवायला जाऊ नका. त्या कलाकाराला नावंही ठेवू नका, नाहीतर भाऊ त्याची बाजू घेऊन बसेल आणि बोलणं तिथेच संपेल. त्याच्याशी एकटीने बोला, आई-बाबा नसताना. विचारा, गेल्या आठवड्यात किती दिवस प्रॅक्टिस केलीस, कुणाकडे शिकतोस, तुझे डान्स बघून कुणी चूक काढणारं आहे का. त्याच्याकडे या प्रश्नांची खरी उत्तरं असली, रोज घाम निघत असला, तर ताई, त्याला अडवू नका. डिग्री चालू ठेवून सुट्टीत ऑडिशन देता येतात, जाण्या-येण्याचं तिकीट तुम्हीच काढून द्या. अगदीच राहवत नसेल तर एक वर्ष गॅप घ्यायचा विचार करा, पण नाव कॉलेजात राहू द्या आणि परत यायची तारीख आधी ठरवा. आणि त्याला उत्तरं देता आली नाहीत, तर हळूच विचारा, किती विषय राहिलेत. रागावू नका. मला त्या वेळी कुणी हे रागावल्याशिवाय विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे रडलो असतो आणि सगळं सांगितलं असतं.

मी एम-3 तिसऱ्या प्रयत्नात सोडवला. एका मित्राने त्याच्या खोलीवर बसवून रोज रात्री शिकवलं. आज डेअरीत मशिनरीच्या देखभालीचं काम बघतो. संध्याकाळी गावातली नऊ मुलं पेटी शिकायला येतात, त्यातली एक मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली गाईल.

मित्राने लिहून दिलेली वही अजून माझ्याकडे आहे. अभ्यासक्रम बदलला असेल, त्यातलं लाप्लासचं गणित मात्र तेच आहे. भावाचा एम-3 राहिलाय असं निघालं तर इथेच कळवा, पानांचे फोटो काढून पाठवतो. सुरुवातीची वीस गणितं सोपी आहेत, ती सुटली की हात बसतो.