पुढचं गाणं कोण ठरवतं?

इंदुरात जेल रोडच्या मागच्या गल्लीत माझं कॅसेटचं दुकान होतं, तेव्हा लोक वहीच्या पानावर गाणी लिहून आणत आणि मी ती भरून देत असे. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण विचारणारे काही थांबले नाहीत. या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न ॲपवरच्या गाण्यांबद्दल आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

रामबागेतून एक आजी लिहितात: सूनबाईनं फोनमध्ये ॲप घालून दिलं. बालगंधर्वांचं पद लावते, ते संपलं की भलतंच ढणढण गाणं सुरू होतं. मी काही चुकीचं दाबते का?

नाही आजी, तुमचं काही चुकत नाही. तुम्ही लावलेलं संपलं की ॲप आपल्या मनानं पुढचं लावतं. याला ऑटोप्ले म्हणतात आणि सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. सूनबाईंकडून एवढं करून घ्या. ढणढण गाण्याचं कारण बहुधा घरातच सापडेल, त्याच खात्यावर नातवंडंही ऐकत असणार. ॲपला नाटक कळत नाही की पद कळत नाही. या खात्यावर काय वाजलं, काय अर्ध्यात सोडलं आणि असंच ऐकणाऱ्या बाकीच्यांनी पुढे काय लावलं, यावरून ते अंदाज बांधतं. फॅमिली प्लॅनमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र खातं मिळतं. तुमचं वेगळं करून घ्या.

विजयनगरहून एक तरुण: दिवसभर कानात इयरफोन असतो, पण संध्याकाळी कुणी विचारलं तर एका गाण्याचं नाव आठवत नाही. आई मात्र रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांचे गीतकारसुद्धा सांगते. असं का?

आईनं ते पाठ केलेलं नाही. तिच्या कानावर ते रोज पडत होतं. विविध भारतीवर निवेदक आधी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं घेणार, मग गाणं लागणार. २००१ साली खासगी एफएम आलं (रेडिओ मिरचीचं पहिलं स्टेशन आपल्या इंदुरातच निघालं) आणि गाण्याच्या मागेपुढे गप्पा वाढल्या, नावं गळत गेली. ॲपवर नावं आहेत, पण ती पडद्यावर, आणि फोन तुमच्या खिशात. त्यात तुम्ही लावता ती यादी 'कामासाठी' नाहीतर 'झोपेसाठी' बनवलेली. ती यादी लक्ष जाऊ नये म्हणूनच रचलेली असते. मग लक्षात राहणार कसं?

साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं मिळत. भरायला बसण्याआधी मी कागदावर बेरीज करत असे. एकदा ती चुकली आणि एका गृहस्थांच्या कॅसेटमध्ये भैरवी शेवटच्या मिनिटात कापली गेली. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायला गेलो तर ते पायरीवर बसलेले. रागावले नाहीत. म्हणाले, "फक्त शेवट ऐकवा." मी रेकॉर्ड लावली. पिशवी हातात धरून, डोळे मिटून त्यांनी उभ्यानंच ती ऐकली, मान डोलावली आणि गेले. कॅसेट बदलून देतो म्हटलं, तर नको म्हणाले.

त्यांना पुढचं गाणं नको होतं, हेच पुरं हवं होतं. तुमच्या अंगठ्याखाली कोट्यवधी गाणी असताना असं वाटणं अवघड आहे, हे मला समजतं. म्हणून एक करून बघा. आठवडाभर गाडीत एकच अल्बम ऐका, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमानं. एखादं गाणं आवडलं की सिग्नलला नको, घरी आल्यावर त्याच्यापुढच्या तीन टिंबांवर बोट ठेवून क्रेडिट्स, म्हणजे गीतकार-संगीतकारांची नावं, उघडा. तिथे फक्त गायकाचंच नाव असेल तर आईला विचारा.

गायन शिकणारी एक मुलगी: ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचं ऐकताना कधी द्रुत (जलद लयीतली बंदिश) आधी येतं, कधी एक बंदिश संपायच्या आत दुसरी तिच्यावर चढते. रेकॉर्डिंगच खराब आहे का?

रेकॉर्डिंग चांगलं आहे बेटा, दोष सेटिंगचा आहे. शफल चालू असेल तर क्रम उलटसुलट होतो. आणि एक गाणं विरताना दुसरं त्यात मिसळतं, त्याला क्रॉसफेड म्हणतात. लग्नाच्या गाण्यांना ते ठीक आहे. ख्यालात मात्र शेवटच्या षड्जानंतर, म्हणजे 'सा'नंतर, तानपुरा चार क्षण एकटा उरतो, तेवढाच नेमका पुसला जातो. दोन्ही बंद कर. आवाजाची गुणवत्ता सर्वांत वरची ठेव, नाहीतर तानपुऱ्याचे बारीक स्वर आधी जातात.

आता थोडं जास्त सांगतो, कारण तू शिकतेस. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हापासून मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची. मोठमोठ्या गवयांनी त्या तीन मिनिटांत राग बसवला. मग एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली. खाँसाहेबांची १९६० ची एलपी बघ, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. बाजू उलटायला उठावं लागायचं, आणि त्या उठण्यात मारव्याची हुरहूर जरा निवायची, मगच दरबारी. ॲपवर ही मधली जागा नाही, ती तूच ठेव. मारवा संपला की फोन थांबव आणि पाणी पिऊन ये.

पण तुझ्या पिढीला जे मिळालंय त्याचा मला मनापासून आनंद आहे. लांबीची अट पहिल्यांदाच उठली. खाँसाहेबांची तासाभराची मैफल, १४ मात्रांच्या झूमरा तालात सावकाश उलगडणारी, तू तुझ्या खोलीत बसून दहादा ऐकू शकतेस. आमच्या वेळी अशी एक फीत ऐकायला संग्राहकाच्या घरी खेटे घालावे लागत, आणि तो ती एकदाच वाजवायचा. फक्त रागाचं आणि तालाचं नाव ॲपवर पुष्कळदा चुकीचं असतं. ते गुरुजींना विचारूनच वहीत उतरव.

एक वडील: मुलीनं गायलेली भावगीतं ॲपवर टाकली. एक गाणं तीनशे वेळा ऐकलं गेलं. पैसे किती मिळतील?

स्पॉटिफायवर काहीच नाही. तिथे २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं तरच त्याची रॉयल्टी धरतात, आणि ऐकणं ३० सेकंदांनंतर मोजतात. त्यापुढेही प्रत्येक ऐकण्याला ठरलेला भाव नसतो, सगळी जमा एकत्र करून वाट्यानं वाटली जाते. पैशासाठी घरगुती मैफली बऱ्या. गाणी मात्र तिथे राहू द्या, बाहेरगावी बोलावणारा आधी तिथेच ऐकतो.

लोकमान्य नगरातून: वडिलांच्या ऐंशी कॅसेट आहेत. आता सगळं ॲपवर मिळतं, मग टाकून द्याव्या का?

कृपा करून टाकू नका! आधी दोन ढीग करा. बाजारातून आणलेल्या एकीकडे, त्यातलं बरंच ॲपवर सापडेल. वडिलांनी मैफलीत बसून भरलेल्या दुसरीकडे, त्या जगात आणखी कुठेही नसतील.

दुसऱ्या ढिगापासून सुरुवात करा. कॅसेटच्या तोंडाशी पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर वाजवू नका, आवाज दबेल. बाकीच्या आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. डेकचं (कॅसेट वाजवायच्या यंत्राचं) हेड, म्हणजे फीत जिथे घासते तो भाग, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मग डेकच्या लाइन आउट या खाचेतून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमार्गे (आवाज लॅपटॉपला जोडणारी छोटी पेटी) लॅपटॉपवर घ्या, आणि आवाज दाबून लहान करणारी एमपी३ नको, जसाच्या तसा ठेवणारी वेव्ह फाइल करा. घरी ऐका, जपा. कुठे टाकायचं असेल तर मात्र कलाकाराची किंवा वारसांची परवानगी घ्या, कारण मैफलीतल्या कलाकाराचा हक्क कायद्यानं ५० वर्षं टिकतो.

पाकिटावर वडिलांनी तारीख, जागा, तबल्याला कोण हे लिहिलं असेल तर त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. डेक मिळाला नाही तर माझा अजून चालतो. मैफलीच्या दोन कॅसेट घेऊन या, आधी त्या करू.