मुलगा दुसरीत चाललाय, गणितात ‘स्लो’ आहे म्हणतात. घरी अभ्यास कसा घ्यावा, ट्यूशन लावावी का?

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या, नवीन वर्षाची घरून तयारी कशी करून घ्यायची, रोज किती वेळ बसवायचं आणि ट्यूशन लावायची का. पण मी लिहायला बसलो ते शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिलं त्याच्यासाठी, की पहिलीच्या बाई म्हणाल्या मुलगा गणितात जरा स्लो आहे. हा ‘जरा स्लो’ मी पण ऐकलेला आहे, आणि चांगला चारचौघांत ऐकलेला आहे.

माझं नागपुरात मानेवाड्याकडे इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बायको स्टाफ नर्स, तिच्या शिफ्टा असतात, म्हणून पोरीचा अभ्यास पहिल्यापासून माझ्याकडे. आता ती पाचवीत चालली. तिची पहिली म्हणजे २०२१-२२, जवळजवळ सगळी मोबाईलवर गेली, त्यात वर्ग कमी आणि ‘माईक बंद करा’ जास्त. त्यामुळे २०२२ मध्ये दुसरीत ती खऱ्या अर्थाने पहिल्यांदा शाळेत बसली असंच म्हणा.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आम्ही माझ्या मोठ्या भावाकडे गेलो. त्यांच्या लाइनमध्ये, म्हणजे गल्लीत, तान्हा पोळा जोरात असतो, पोट्टे लाकडी नंदी सजवून आणतात, मग घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. माझ्या पोरीचा नंदी छोटासाच होता, पण झूल तिने स्वतः चिकटवली होती, दोन दिवस लागले होते. दादाकडे आठ-दहा पोरं जमली. दादाची सवय अशी की फुकट पैसे द्यायचे नाही, काहीतरी विचारायचं. कोणाला पाढा, कोणाला स्पेलिंग. हिच्यासमोर वही धरली आणि म्हणे, "बेटा, एकोणचाळीस लिहून दाखव, मग बोजारा."

तिने ४९ लिहिलं.

दादा हसला, म्हणून सगळे हसले. मग म्हणे बरं, सत्तावीस लिही. तिने ७२ लिहिलं. तोवर ती रडायला आली होती. आणि दादा माझ्याकडे पाहून म्हणाला, "आई दवाखान्यात, बाप दुकानात, लेकराकडे पाहून कोण राहिलं? काऊन बे, ट्यूशन तरी लाव, स्लो आहे पोरगी." बायको तिथेच प्लेटा उचलत होती. ती काही बोलली नाही. पोरीने बोजारा घेतला नाही, नंदी पण तिथेच सोडून आली. तो आणायला मला दुसऱ्या दिवशी जावं लागलं.

आता कबूल करून टाकतो, त्या रात्री मी पण शहाण्यासारखा वागलो नाही. घरी आल्यावर तिला बसवलं आणि १ ते १०० तीन वेळा लिहून घेतले. तिने एकही चूक न करता लिहिले! तेव्हा पण माझी ट्यूब पेटली नाही. ट्यूबलाइट विकतो, पण पेटत नाही.

पेटली ती आठेक दिवसांनी दुकानात. संध्याकाळी शाळेतून आली की काउंटरमागे बसायची. एक गिऱ्हाईक आलं, पस्तीस स्क्रू द्या म्हणाला. मी फोनवर होतो, तिला खूण केली. तिने पस्तीस स्क्रू मोजले, मी नंतर पाहिलं, बरोबर पस्तीस. आणि कच्च्या बिलावर आकडा लिहिला ५३. म्हणजे पोरीला पस्तीस म्हणजे किती ते माहीत आहे, मोजता येते, १ ते १०० लिहिता येते, आणि तरी ‘पस्तीस’ कानावर पडलं की हात ५३ लिहितो. हे स्लो कुठून झालं? तुम्हीच जरा सावकाश म्हणून पाहा, सत्तावीस. आधी काय ऐकू येते? सात. मग वीस. लेकरू ऐकलं तसं लिहिते, ७ आणि मग २. आणि एकोणचाळीस तर त्याच्याही वरचं. त्याचा अर्थ चाळीसला एक कमी, पण लेकराच्या कानाला चाळीस ऐकू येते आणि एकोण म्हटलं की शेवटी नऊ असतो एवढं त्याला कोणीतरी सांगितलेलं असते, मग चाळीस आणि नऊ, झाले ४९. चूक आहे, पण बिनडोक चूक नाही, उलट डोकं लावलं म्हणून चुकली.

मी काय केलं, तर पुड्या बांधल्या. दुकानात पेपरचे तुकडे होतेच, दहा-दहा स्क्रूच्या पुड्या, बाकीचे सुट्टे. तिला म्हटलं सत्तावीस नको म्हणू, किती पुड्या ते सांग. "दोन पुड्या सात सुट्टे." लिही. २७. तीन पुड्या पाच, ३५. एक चूक नाही बाप्पा. मग मी म्हणायचो ‘वीस सात, सत्तावीस’, ‘तीस पाच, पस्तीस’, दोन्ही सोबत, आणि तीस नऊ म्हटलं की मग एकोणचाळीस. त्यासाठी चार पुड्या ठेवायच्या आणि चौथी फोडून एक स्क्रू काढून घ्यायचा. एक काढला म्हणून एकोण. ते तिला इतकं आवडलं की महिनाभर आमच्याकडे सगळं एकोण होतं, पोळी एकोण, बिस्किटाचा पुडा एकोण. दिवाळीच्या आधी हा विषय संपला होता. वेळ किती लागला म्हणाल तर रोज पंधरा मिनिटं, ती पण गिऱ्हाईक नसेल तर.

आता यातली खरी लाजेची गोष्ट. ‘वीस सात’ हे मी शोधलेलं नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीचं गणिताचं नवीन पुस्तक काढलं त्यात हेच होतं, आणि त्याच्यावरून महाराष्ट्रात केवढा गोंधळ झाला ते आठवत असेल तुम्हाला. विधानसभेत सुद्धा गाजलं, फडणवीसांना आता ‘फडण दोन शून्य’ म्हणायचं का वगैरे. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, स्वतः गणितज्ञ, त्या शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिले आहेत, लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून ही सोय आहे. कोण ऐकते? आमच्या घरच्या ग्रुपवर मराठीचा खून म्हणून फॉरवर्ड येऊन राहिले होते, आणि त्यातले अर्धे मी टाकलेले होते. तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. पुस्तक मी उघडून पाहिलं नव्हतं, दादाने पण नाही. पुड्या बांधल्यानंतर तिचं पुस्तक नीट पाहिलं तर हीच गोष्ट त्यात, छापून, आमच्याच घरात, तिच्याच दप्तरात. बाई मात्र शिकवताना सत्तावीसच म्हणायच्या. त्यांना पण तो वाद नको असेल.

मी दादाला हे सांगितलं तर म्हणे आम्ही नाही शिकलो का? आमचे बाबा संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर आम्हाला पाढे म्हणायला बसवायचे, पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, सगळं. खरं आहे, म्हणायचो. मला अडीचकी आजही तोंडपाठ आहे आणि ती म्हणजे नेमकं काय ते मला दुकान टाकल्यावर कळलं. दादाला तर म्हणूच नका, त्याला दहावीला गणितात किती होते ते मी इथे लिहीत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. पाढ्यांना माझा विरोध नाही, उलट पाढे पाहिजेतच, तिसरी-चौथीत भागाकाराला त्यांच्याशिवाय गाडी सरकत नाही. पण दुसरीच्या लेकराला २७ आणि ७२ मधला फरक कळायच्या आधी तुम्ही त्याच्याकडून सतराचा पाढा म्हणवून घेत असाल तर ते पाहुण्यांना दाखवायला आहे, लेकरासाठी नाही.

आणि आपल्या नागपुरात आणखी एक भानगड आहे, ती पुण्यावाल्यांना नाही कळत. आपल्या पोरांच्या कानावर आकडे तीन भाषेत पडतात. घरी एकोणनव्वद, गांधीबागेतून माल घ्यायला गेलं की नवासी, सेमी इंग्लिश असेल तर वर्गात एटीनाइन. नवासीमध्ये ऐंशी लपलाय, एकोणनव्वदमध्ये नव्वद, आकडा एकच. मोठ्या माणसाला सवय होऊन जाते, सहा-सात वर्षांच्या पोराचं काय होत असेल विचार करा. इंग्रजीत सगळं सरळ आहे असं पण समजू नका, थर्टीन ते नाइन्टीन तिकडे पण उलटंच आहे, पुढे ट्वेंटीपासून सरळ होते. म्हणून सेमीवाले लेकरू १७ ला अडखळलं तर त्याचं पण कारण हेच.

बरं, तुमचे प्रश्न. ट्यूशन नका लावू, निदान दिवाळीपर्यंत. आम्हाला शाळेतून पण सुचवलं होतं, बाईंची बहीण घरी शिकवते म्हणून. बाईंनी स्वतः घेतली असती तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये अडकल्या असत्या, त्यात शिक्षकाला खासगी शिकवणीची सरळ मनाई आहे. बहीण बसत नाही त्यात. असो. दुसरीच्या ट्यूशनमध्ये काय होते तर पंधरा पोरं एका खोलीत, शाळेचा गृहपाठ पूर्ण करून मिळतो, आईबापाला वाटते अभ्यास झाला. लेकरू कुठे अडलं ते तिथे कोणी पाहत नाही, तेवढा वेळच नसतो. गृहपाठाचं म्हणाल तर केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं लिहिलेलं आहे, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. शाळा मानतात की नाही सोडून द्या, तुम्ही घरी तरी माना.

वेळ वीस मिनिटं. उरलेला वेळ खेळू द्या. आपल्याकडे शाळा तशीही जूनच्या शेवटी उघडते, तिकडे पुण्या-मुंबईची पोरं आठवडाभर आधीच युनिफॉर्मचे फोटो टाकून राहिलेली असतात आणि इथे आपण कुलरसमोरून उठत नाही. त्याचं टेन्शन घेऊ नका. शाळा सुरू व्हायच्या आधी एवढंच करा, पहिलीचं पुस्तक रद्दीत देऊ नका, शाळेने परत मागून घेतलं असेल तर बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते. त्यातलं एक पान रोज त्याला तुम्हाला शिकवायला सांगा. तुम्ही मुद्दाम चुका. तो तुमच्या कुठल्या चुका पकडतो आणि कुठल्या सोडून देतो ते पाहा, सोडून दिल्या तिथे काम करायचं. आणि बाईंना भेटाल तेव्हा स्लो म्हणजे काय ते विचारा, कुठल्या गणितात, तोंडी की लेखी, वही दाखवा म्हणा. आम्ही हे विचारलंच नव्हतं, मान हलवून घरी आलो होतो.

वाचनाचं मी काही सांगत नाही, आमच्याकडे ते तिच्या आईने केलं, नाइटवरून येऊन. हे दादाला कधी दिसलं नाही.

आता एक राहिलंच, हे खरं तर वरती लिहायला पाहिजे होतं. तुमच्या मुलाची गडबड हीच असेल असं नाही. आमच्या समोरच्यांचा पोरगा फळ्यावरून उतरवताना चुकायचा, त्याला शेवटी चष्मा लागला. तेव्हा आधी डोळे तपासून घ्या, आणि कान पण. आणि पुड्या वगैरे करूनही वर्षभरात फरक पडला नाही, किंवा आकड्यांसोबत अक्षरं पण उलटी येत राहिली, तिसरीतही, तर मग तपासणी करून घ्यायला लाजू नका, अध्ययन अक्षमता असते काहींना, मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, किंवा चांगल्या बालरोगतज्ज्ञाला विचारा, ते पुढे कोणाकडे पाठवायचं ते सांगतात. तिथे माझ्या स्क्रूचं काही चालणार नाही. आणि ट्यूशनचं पण इतकं ठासून बोललो खरं, पण घरी दोघंही रात्री नऊला येत असाल तर शेजारच्या कॉलेजवाल्या ताईकडे अर्धा तास बसवलं तर काही पाप नाही, फक्त एकट्याला बसवा.

स्क्रू लेकराच्या तोंडात जातील असं वाटत असेल तर राजमा घ्या, नाहीतर चिंचोके. पुडी मात्र दहाचीच, आणि ती त्यानेच बांधायची. तयार पुड्या दिल्या तर उपयोग नाही.

दादाचा नातू यंदा पहिलीत आहे. मागच्या रविवारी दादा दुकानात आला, अर्ध्या इंचाचे शंभर स्क्रू दे म्हणाला. मी म्हटलं कशाला, तर म्हणे खिडकीची जाळी लावायची आहे. अर्ध्या इंचाच्या स्क्रूने कुठल्या खिडकीची जाळी बसते ते काही मी विचारलं नाही. काउंटरवर पोरगी होती. तिने मोजून दिले, दहा पुड्या.