ग्लोव्हमध्ये हात नाहीये, तिथून सुरुवात कर

तुझा मेल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला. इटालियन चित्रकार दे किरिकोच्या 'प्रेमगीत' या चित्रावर लिहायचंय आणि तू म्हणतोस की तासभर बघितलं तरी यात प्रेम कुठेच दिसत नाही, पुतळ्याचं डोकं, रबरी ग्लोव्ह, हिरवा चेंडू, मागे रेल्वेचं इंजिन, संपलं. मग नेटवरून अर्थ गोळा केलेस, डोकं म्हणजे कला, ग्लोव्ह म्हणजे अमुक, चेंडू म्हणजे तमुक. ती यादी आधी खोड. मनापासून सांगते. चित्र म्हणजे शब्दकोडं नाही, आणि एकदा अशी यादी हातात आली की माणूस चित्राकडे बघायचंच थांबतो, हे मी कित्येक मुलांच्या बाबतीत बघितलंय.

ग्लोव्हपासून सुरू कर. फोनवर झूम करून बघ, खिळा ठोकून लटकवलाय, बोटं खाली लोंबतायत, आत हात नाही पण हाताचा आकार आहे. माझी आई आजारी होती तेव्हा ड्रेसिंग करायला नर्स यायची, ती गेली की तिचे ग्लोव्ह्ज बादलीच्या कडेवर पडलेले असायचे, बोटं अर्धी फुगलेली, तशीच. मला ते बघवायचे नाहीत. स्पर्श करून गेलेला हात आणि मागे राहिलेला त्याचा आकार. आता त्याच्या शेजारचा चेहरा बघ, तो ग्रीक देव अपोलो आहे, व्हॅटिकनमधल्या प्रसिद्ध पुतळ्याच्या डोक्याची प्लास्टरची प्रत. आपल्याकडे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातही अशा प्लास्टरच्या प्रतींवरून ड्रॉइंग शिकवायचे, म्हणजे चित्रकाराच्या दृष्टीने ही रोजची, जवळजवळ घरातली वस्तू. डोळे कोरे, बुबुळं नाहीत. म्हणजे एका बाजूला न बघणारा चेहरा, दुसऱ्या बाजूला स्पर्श नसलेला हात, दोघं एकाच फळीवर अगदी जवळ, आणि तरी ते एकमेकांपर्यंत कधीच पोचणार नाहीत. माझ्या मते प्रेम आहे ते या मधल्या जागेत. तुला पटायलाच हवं असं नाही, पण नाही पटलं तर का नाही ते चित्रात बोट ठेवून सांग.

आता थोडा काळ लक्षात घे. चित्र 1914 चं, पॅरिसमधलं, किरिको तेव्हा पंचविशीतला. आजूबाजूला क्युबिस्ट चित्रकार गिटार, बाटली, माणूस, जे दिसेल त्याचे तुकडे करत होते. याने कशाचेच तुकडे केले नाहीत. चेंडू चेंडूसारखा, ग्लोव्ह ग्लोव्हसारखा, शाळेतल्या मुलालाही ओळखता येईल इतका साधा. तोडलं काय तर वस्तूंचं एकमेकांशी असलेलं नातं. डोकं इमारतीएवढं मोठं, मागची कमानींची इमारत रिकामी, माणूस कुठेही नाही. त्याच वर्षी त्याचा मित्र, कवी अपोलिनेरने पेपरात लिहिलं होतं की किरिकोने एक गुलाबी रबरी ग्लोव्ह विकत घेतलाय. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यातून कळतं की हा ग्लोव्ह कुठल्या स्वप्नातून किंवा प्रतीकांच्या पुस्तकातून आलेला नाही, दुकानातून पैसे देऊन आणलाय.

इंजिनाबद्दल मात्र जपून लिही. किरिकोचा जन्म 1888 मध्ये ग्रीसमधल्या वोलोसचा, आईवडील इटालियन, वडील रेल्वेचे इंजिनिअर, ते 1905 मध्ये गेले तेव्हा हा 16 वर्षांचा होता. हे वाचलं की लगेच 'इंजिन म्हणजे वडील' असं लिहायचा मोह होतो, मलाही झाला होता. तसं नको लिहू. विटांच्या भिंतीआडून नुसतं काळं इंजिन आणि पांढरा धूर दिसतो, गाडी येतेय की चाललीये तेही कळत नाही, एवढंच नीट लिही आणि वडिलांची गोष्ट शेजारी ठेव, वाचणाऱ्याला जोडायची असेल तर तो जोडेल.

आणि तू लिहिलंयस की ओरिजिनल न्यूयॉर्कच्या मोमा या संग्रहालयात आहे, मी फोनवर बघून काय लिहिणार. अरे, बेल्जियन चित्रकार मॅग्रिटने हे चित्र पहिल्यांदा बघितलं तेही छापलेलंच, 1920 च्या दशकात, आणि त्याला रडू आलं होतं, आपल्या डोळ्यांना पहिल्यांदाच विचार दिसला असं तो नंतर म्हणाला. त्यानंतर त्याची चित्रं पार बदलली. मूळ कॅनव्हाससुद्धा साधारण 73 बाय 59 सेंटिमीटरचाच आहे, तेवढा कागद भिंतीवर चिकटवून बघ म्हणजे खऱ्या आकाराचा अंदाज येईल.

लिहायच्या आधी पेन्सिलने एकदा ग्लोव्ह काढ, वाईट आला तरी चालेल, काढताना बोटं कुठे वळतात ते हाताला कळतं आणि मग वाक्यं वेगळी येतात. हिरव्या चेंडूबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नाहीये. तो सगळ्यात पुढे, आपल्या सगळ्यात जवळ का ठेवलाय, ते तू रविवारपर्यंत मला लिहून पाठव, ड्रॉइंगही पाठव.