बीव्हर, समास आणि क्षेपक

प्रश्न : मध्ययुगीन लॅटिन ज्ञानकोश म्हणजे जुन्या ग्रंथांतल्या उताऱ्यांची गोधडी, असे वाचले. मग कोशकाराने स्वतः केले काय? आणि चुका कुठून शिरत? घरी जुन्या पोथ्या आहेत, म्हणून विचारतो.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : गोधडीच, पण तिची वीण अवघड. वाचता वाचता कामाची वाक्ये उतरवून घ्यायची, ती विषयवार लावायची, लांबलेली छाटायची. तेराव्या शतकाच्या मध्यावर डॉमिनिकन संन्यासी व्हिन्सेंट ऑफ बोव्हे याने ‘स्पेक्युलम मायुस’ (मोठा आरसा) रचला, त्यातला निसर्गाचा भाग सृष्टीच्या सहा दिवसांच्या क्रमाने लावला. अ‍ॅरिस्टॉटलचे उतारे आपण नाही, काही मठबंधूंनी काढले आणि त्यांतली शब्दरचना मुळाबरहुकूम नाही, हे त्याने प्रस्तावनेतच कबूल केले. हा प्रामाणिकपणा त्या काळी दुर्मीळ.

खरी मेख होती मूळ लेखकाच्या नावाची. ते पानाच्या समासात (कडेच्या कोऱ्या जागेत) लिहिले, की नकलनवीस ते सहज खालीवर सरकवतो, आणि एकाचे मत दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून व्हिन्सेंटने नावे ओळीतच, उताऱ्याच्या तोंडाशी घातली. स्वतःचे वाक्य आले, की आधी ‘आक्तोर’, म्हणजे ग्रंथकर्ता.

त्याच्या सहा शतके आधीच्या सेव्हिलचा बिशप इसिडोर (मृत्यू इ.स. ६३६) याच्या ‘एतिमोलोगिए’ (व्युत्पत्ती) या ज्ञानकोशाच्या २० भागांत अशी नावनिशी नेमाने नाही. शिवाय पूर्वसुरींचे बरेच काही त्याने मूळ ग्रंथातून नव्हे, मधल्या संकलनांतून घेतले.

छाटणीत काय निसटते, ते बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या गोष्टीत दिसते. शिकारी मागे लागला, की बीव्हर औषधासाठी हवे असलेले आपले वृषण स्वतःच चावून तोडतो, असे प्राचीन रोमन लेखक प्लिनी आपल्या निसर्गावरच्या ग्रंथाच्या आठव्या भागात सांगतो. बत्तिसाव्या भागात मात्र सेक्स्टियस हा वैद्यकावरचा लेखक हे साफ नाकारतो, अशी नोंद त्यानेच केली आहे. इसिडोरकडे गोष्ट उरली, नकार गळाला. वर ‘कास्तोर’ हे नाव ‘कास्त्रारे’ (खच्ची करणे) वरून आले, अशी व्युत्पत्तीही जोडली गेली.

तुमच्या पोथ्यांतही समासातली टीप पुढच्या लेखकाने ओव्यांत घुसवलेली असू शकते. आपण त्याला क्षेपक म्हणतो. हस्ताक्षरावर विसंबू नका. नक्कल झाली, की टीप आणि ओवी एकाच हातची दिसते. दुसरी प्रत मिळवून शेजारी ठेवा आणि ओव्यांचे आकडे जुळतात का ते आधी पाहा.